पाटील, पण कुठले? टर्मिनलमधली नंबर-यादी आणि खार्ड

सांगलीत मार्केट यार्डातल्या कुठल्याही पेढीवर जाऊन ‘पाटलांचा नंबर द्या’ म्हणा. उलट प्रश्न ठरलेला : कुठले पाटील? मालकांच्या फोनमध्ये ‘पाटील हळद’ असतात, दिवाणजींच्या फोनमध्ये तेच ‘पाटील तासगाव जुना’ असतात आणि टेबलावरच्या वहीत त्याच माणसाचा तिसराच नंबर असतो. शिवाय ‘पाटील नवीन’ म्हणजे कोण, हे नोंद करणाऱ्यालाही सहा महिन्यांनी आठवत नाही.

यादी दीड-दोन हजार नंबरांवर गेली आणि ती दोघंतिघं वापरत असतील, तर फोनमधलं कॉन्टॅक्ट ॲप पुरत नाही. अशा वेळी टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करून काम करायच्या खिडकीतून, चालणारा ‘खार्ड’ हा प्रोग्राम चांगला पडतो. फुकट आहे, पायथॉनमध्ये लिहिलेला आहे आणि प्रत्येक माणसाची नोंद एका साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवतो. ही फाइल व्हीकार्ड नमुन्यातली असल्यामुळे कुठल्याही फोनला कळते. शोधायला इंटरनेट लागत नाही. उबुंटू किंवा डेबियन या लिनक्सवर ‘आप्ट’ या कमांडने एका ओळीत बसतो, विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) टाकून त्यात बसवावा लागतो. (पुढं कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या.)

पण प्रोग्राम बसवायच्या आधी एक काम आहे आणि ते कागदावरचं आहे. नोंद कशी करायची याचे नियम ठरले नसतील, तर गोंधळ फक्त फोनमधून टर्मिनलमध्ये जाईल.

आधी नियम

आडनाव, पहिलं नाव आणि वडिलांचं नाव यांना वेगवेगळे रकाने आहेत, ते वेगळेच भरा. गाव आडनावाच्या रकान्यात घुसवू नका. ‘पाटील तासगाव’ हे आडनाव नाही, आणि उद्या पाकिटावर पत्ता छापायची वेळ आली की ते तसंच छापून येतं. गावाची जागा पत्त्यातल्या शहराच्या रकान्यात, आणि तालुका-जिल्हाही लिहायचाच. खानापूर सांगली जिल्ह्यात आहे तसं बेळगाव जिल्ह्यातही आहे. वाळवा हे गाव आहे आणि तालुकाही. कुणी इस्लामपूर लिहितं, कुणी ईश्वरपूर. त्यातलं एक शहराच्या रकान्यात आणि दुसरं टिपणीत टाकलं, की दोन्ही शब्दांनी माणूस सापडतो.

टोपणनावाचा रकाना बहुतेक लोक रिकामा सोडतात. खरं तर सगळ्यात कामाचा तोच. त्यात इंग्रजी लिपीत, मध्ये हायफन देऊन, आडनाव-गाव-माल असा एक छोटा संकेत लिहा : पाटील-तासगाव-बेदाणा, माळी-जत-डाळिंब. टर्मिनलमध्ये दर वेळी कीबोर्ड मराठीवर नेण्यापेक्षा या संकेतातली चार अक्षरं मारणं सोपं जातं. मूळ नाव मात्र देवनागरीतच राहू द्या. फोन वाजला की स्क्रीनवर तेच दिसतं आणि दुकानातला पोरगाही ते वाचू शकतो.

आपल्याकडच्या नावांमागच्या ‘सो’चाही निकाल लावून ठेवायला हवा. अण्णासाहेब, अण्णासो, आण्णासो, अण्णा : एकाच माणसाच्या चार नोंदी इथूनच तयार होतात. नावाच्या रकान्यात कागदोपत्री नाव, म्हणजे बिलावर किंवा सातबाऱ्यावर असतं ते. हाक मारायचं नाव टोपणनावात दुसरी नोंद म्हणून. टोपणनावं एकापेक्षा जास्त चालतात.

ॲड., डॉ., प्रा. ही बिरुदं नावाला चिकटवू नका, त्यांना ‘प्रीफिक्स’ असा स्वतंत्र रकाना आहे. चिकटवली तर काय होतं ते बघा. युनिकोडमध्ये ‘ॲ’ला स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, तीही ‘ह’च्या पुढं. त्यामुळे यादी नुसत्या युनिकोडच्या क्रमानं लावली की ‘ॲड.’ने सुरू होणारे सगळे वकील ‘ह’च्याही खाली, एकदम तळाला जाऊन बसतात. तसंच मराठी वर्णमालेत ‘ह’नंतर येणारा ‘ळ’ या क्रमात ‘ल’च्या लगेच पुढं येतो. संगणकाचा क्रम कोशासारखा नसणार, हे धरूनच चाला.

नंबर एकाच पद्धतीने : अधिक चिन्ह, ९१, मग दहा अंक. मोबाइलला हे सरळ आहे. लँडलाइनला एसटीडी कोडचा पहिला शून्य गाळायचा. सांगली-मिरजेचा ०२३३ असेल तर अधिक ९१ २३३ आणि पुढं सात अंक. साताऱ्याचा ०२१६२ असेल तर अधिक ९१ २१६२ आणि पुढं सहा. दोन्हीकडे बेरीज दहाच येते, कमी-जास्त आली तर नोंद चुकली. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला लावताना पुढं शून्य लावावा लागतो, म्हणून पुष्कळांच्या वहीत मोबाइल नंबरही शून्यासकट उतरलेत. यादीत घेताना तो शून्य काढून टाका. अंक मात्र इंग्रजीच ठेवा. देवनागरी अंकांत लिहिलेला नंबर डोळ्यांना छान दिसतो, पण इंग्रजी अंकांनी शोधला की सापडत नाही आणि डायलर त्याचं काय करील याचा भरवसा नाही.

वर्ग थोडेच ठेवा. हळद, बेदाणा, गूळ, शेतकरी, खरेदीदार, ट्रान्सपोर्ट, कोल्ड स्टोरेज, हमाल-तोलाई, बँक, सरकारी. एवढ्यात पेढीचं सगळं बसतं. पंचवीस वर्ग केले की कुठल्यात टाकायचं याचाच विचार करत बसावं लागतं आणि मग कशातच टाकलं जात नाही.

बसवणं

होम फोल्डरात यादीसाठी एक फोल्डर करा, त्यात ‘व्यापार’ आणि ‘घर’ असे दोन (नावं इंग्रजी अक्षरांत). हे फोल्डर आधी असावे लागतात. मग होममधल्या ‘डॉट-कॉन्फिग’ फोल्डरात ‘खार्ड’ फोल्डर आणि त्यात ‘खार्ड डॉट कॉन्फ’ ही फाइल. तिच्यात पहिला विभाग ‘ॲड्रेसबुक्स’ एकेरी चौकटी कंसात, त्याखाली प्रत्येक यादीचं नाव दुहेरी चौकटी कंसात आणि त्याखाली ‘पाथ’. एकेरी-दुहेरीची गल्लत झाली तर खार्ड सुरूच होत नाही.

बाकीच्या सेटिंगपैकी मोजक्याच महत्त्वाच्या. ‘कॉन्टॅक्ट टेबल’ विभागात ‘डिस्प्ले’ आणि ‘सॉर्ट’ दोन्ही ‘लास्ट नेम’वर, ‘शो निकनेम्स’ला ‘येस’. ‘व्हीकार्ड’ विभागात ‘प्रिफर्ड व्हर्जन’ ३.० ठेवा. ४.० नवीन आहे (२०११ चं), पण जुने फोन आणि इतर प्रोग्राम ३.० बिनतक्रार घेतात. याच विभागात ‘प्रायव्हेट ऑब्जेक्ट्स’मध्ये स्वतःचे रकाने वाढवता येतात. पेढीसाठी ‘जीएसटीआयएन’ हा एक रकाना वाढवाच. नाव इंग्रजी अक्षरांतच चालतं. पंधरा अक्षरांच्या त्या क्रमांकातले पहिले दोन अंक राज्याचे असतात : महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गुजरात २४, तेलंगणा ३६, तमिळनाडू ३३. निजामाबादचा किंवा इरोडचा हळद खरेदीदार नोंदवताना ३६ किंवा ३३ ऐवजी २७ दिसलं, तर बिल करायच्या आधी विचारून घ्या. त्याची महाराष्ट्रात वेगळी नोंदणी असू शकते आणि त्यावर कर कुठला लागणार ते ठरतं. हा रकाना फोनच्या ॲपमध्ये दिसत नाही, तो टर्मिनलपुरताच.

‘सर्च इन सोर्स फाइल्स’ नावाचं एक सेटिंग शोध वेगानं होण्यासाठी दिलेलं आहे. मराठी यादीसाठी ते ‘नो’च ठेवा. व्हीकार्डमध्ये लांब ओळ ७५ बाइटांवर मोडून पुढच्या ओळीवर नेतात. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटांचं, म्हणजे काना-मात्रा-अनुस्वार धरून २५ चिन्हांत ओळ भरली. पत्ता मध्येच तुटतो, अर्धा ‘कवठेम’ वर आणि ‘हांकाळ’ खाली. हे सेटिंग चालू असेल तर खार्ड फाइलीतला कच्चा मजकूर शोधतो आणि तुटलेलं गाव त्याला सापडत नाही. ‘ग्रेप’ या शोधायच्या कमांडने थेट फाइलींत शोधणाऱ्यांचंही नेमकं असंच होतं, आणि मग ‘नोंद उडाली’ असा समज होतो.

एक नोंद भरताना

‘खार्ड न्यू -ए व्यापार’ असं दिलं की एडिटर उघडतो आणि समोर यामल नमुन्यातला कोरा तक्ता येतो. डावीकडं रकान्याचं नाव, मग अपूर्णविराम, मग तुमची माहिती. फोनखाली ‘सेल’, ‘होम’, ‘वर्क’ असे पोटरकाने चार स्पेस आत. सेव्ह करून बाहेर पडलं की कार्ड तयार. माणसाचं नाव माहीत नसेल, फक्त ट्रान्सपोर्टचं असेल, तर ‘ऑर्गनायझेशन’ भरा; तेच नाव म्हणून धरलं जातं.

आता घोटाळे. पहिला, आणि सगळ्यात छुपा : पत्त्यात ‘गाळा # १४, मार्केट यार्ड’ असं लिहिलं, तर सेव्ह होतं फक्त ‘गाळा’. यामलमध्ये स्पेसनंतर आलेलं हे चिन्ह म्हणजे शेरा, त्यापुढचं सगळं सोडून दिलं जातं. चूक झाली असा संदेशही येत नाही. ‘गाळा नं. १४’ लिहा, विषय संपला.

दुसरा : टिपणीत ‘उधारी: १५ दिवस’. अपूर्णविराम आणि मागोमाग स्पेस आली की यामलला तो नवा रकाना वाटतो आणि तो अडून बसतो. हा निदान ओरडतो तरी. ‘उधारी १५ दिवस’ लिहा किंवा सगळं वाक्य अवतरणचिन्हांत घाला. ‘११:३०’ला अडचण नाही, कारण मध्ये स्पेस नाही. टिपणी दोनचार ओळींची असेल तर ‘नोट’च्या अपूर्णविरामानंतर एक उभी रेघ द्यायची आणि खालच्या सगळ्या ओळी सारख्याच स्पेस सोडून आत घ्यायच्या.

तिसरा : टॅब. समास सोडायला टॅब दाबला की यामल बिघडतो. व्हिम एडिटरमध्ये ‘एक्सपांडटॅब’ (टॅबऐवजी स्पेस) चालू करून टाका.

जन्मतारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमानं, मध्ये हायफन देऊन. वर्ष माहीत नसेल तर ३.० मध्ये नुसता दिवस-महिना लिहिता येत नाही, ती सोय ४.० मध्ये आहे. अंदाजानं वर्ष ठोकून देण्यापेक्षा टिपणीत लिहा. ‘खार्ड बर्थडेज’ ही कमांड सगळ्यांचे वाढदिवस महिन्याच्या क्रमानं काढून देते. शेतकऱ्यांच्या तारखा आधार कार्डावरून उतरवल्या असतील, तर १ जूनला अर्धा तालुका जन्मलेला दिसेल. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लावलेल्या तारखा त्या, शुभेच्छा पाठवायच्या आधी विचारलेलं बरं.

देवनागरीची दुखणी

‘मोऱ्यांची नोंद आहे, पण सापडत नाही’ अशी तक्रार आली, तर पहिला संशय ‘ऱ्य’वर घ्या. डोळ्यांना एकच दिसणारं हे अक्षर तीन तऱ्हांनी टाइप होतं. एका कीबोर्डवर ‘ऱ’ हे एकच चिन्ह उमटतं, दुसऱ्यावर ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशी दोन, आणि तिसऱ्यावर ‘र’, हलंत आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. खार्ड चिन्हं जुळवून बघतो, अक्षराचं रूप बघत नाही. त्यामुळे एका पद्धतीनं शोधलं की बाकीच्या दोन सापडत नाहीत. ‘ॲ’चंही तसंच : नवं एकसंध चिन्ह, किंवा ‘अ’ला वर चंद्र जोडलेलं जुनं. पहिल्या दोन ‘ऱ’ युनिकोडच्या एनएफसी या ठरीव रूपात नेल्या की एकच होतात, पायथॉनच्या चार ओळींत ते काम होतं. अदृश्य जोडचिन्हवालं रूप आणि जुना ‘अॅ’ मात्र एनएफसीनं सुधारत नाहीत, ते शोधून-बदलूनच घ्यावे लागतात. सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा, हा त्यावरचा खरा उपाय. तोवर टोपणनावातला इंग्रजी संकेत आहेच. म्हणून तो सक्तीचा.

टर्मिनलमध्ये जोडाक्षरं फुटलेली आणि रकाने वेडेवाकडे दिसले तर घाबरू नका, माहिती शाबूत असते. टर्मिनल चौकटीत अक्षरं बसवतो आणि आपल्या वेलांट्या-उकार त्या चौकटीत नीट मावत नाहीत. अलाक्रिटीसारखे टर्मिनल जोडाक्षरं जुळवतच नाहीत. एमएलटर्म हा टर्मिनल भारतीय लिप्या लक्षात घेऊन केलेला आहे, तो वापरून बघा.

नंबरातही अदृश्य चिन्हं शिरतात. कुठल्या वेबपानावरून किंवा चॅटमधून उचलून चिकटवलेल्या नंबराच्या आगेमागे कधी कधी मजकुराची दिशा सांगणारं चिन्ह येतं. नंबर बरोबर दिसतो पण लागत नाही. फाइलीत ‘टेल’ने सुरू होणाऱ्या (फोन नंबराच्या) ओळींत आस्की, म्हणजे इंग्रजी अक्षरं, अंक आणि साधी चिन्हं, यांच्या बाहेरचं काहीही ‘ग्रेप’ने शोधलं की असे सगळे नंबर एका झटक्यात पुढं येतात; देवनागरी अंकांतलेही त्यातच सापडतात.

जुनी यादी आत आणणं

फोनमधून ‘एक्स्पोर्ट’ केलं की अँड्रॉइड बहुतेक वेळा व्हीकार्ड २.१ देतो. हा नमुना १९९६ चा. त्यात मराठी नाव सरळ न ठेवता सांकेतिक रूपात ठेवतात : प्रत्येक बाइटसाठी बरोबरचं चिन्ह आणि दोन अक्षरं. म्हणजे देवनागरीच्या एका चिन्हाला नऊ अक्षरं. नाव लांब झालं की ओळीच्या शेवटी एकटं बरोबरचं चिन्ह टाकून ओळ मोडतात, आणि या मोडलेल्या ओळींवरच खार्डची गाडी अडते. इंग्रजी नावं सुखरूप येतात, लांब मराठी नावंच नेमकी गळतात.

नंबर गुगल खात्यात असतील तर फोनमधून काढूच नका. संगणकावर गुगल कॉन्टॅक्ट्सचं पान उघडून तिथून व्हीकार्ड म्हणून उतरवा, ते ३.० येतं, मराठी जसंच्या तसं. तिथं सीएसव्हीचाही पर्याय दिसेल, तो घेऊन एक्सेलमध्ये उघडायचा मोह टाळा. बारा आकडी नंबर एक्सेल ‘९.१९ई+११’ असा दाखवतो, पुढचं अधिक चिन्ह आणि सुरुवातीचे शून्य खातो, आणि सेव्ह केलं की ते कायमचं.

उतरवलेली फाइल एकच असते आणि तिच्यात सगळी कार्डं सलग असतात. खार्डला एका फाइलीत एकच कार्ड लागतं. लिनक्सवरची ‘सीस्प्लिट’ ही कमांड ‘बिगिन व्हीकार्ड’ या ओळीपाशी तुकडे करून देते. तिला फाइलीच्या नावाची सुरुवात, चार आकडी अनुक्रम आणि शेवटी ‘डॉट व्हीसीएफ’ असा नमुना द्या. शेपूट ‘व्हीसीएफ’ नसेल तर खार्ड त्या फाइलीकडं बघत नाही.

मोठ्या प्रमाणात दुरुस्ती ‘सेड’ या शोधून-बदलायच्या कमांडने करणार असाल, उदाहरणार्थ सगळीकडचे ०२३३ बदलून अधिक ९१ २३३ करायचे, तर दोन गोष्टी. बदल ‘टेल’च्या ओळींपुरताच ठेवा, नाहीतर टिपणीतले आकडेही बदलतील. आणि व्हीकार्डच्या ओळी विंडोजच्या पद्धतीनं संपतात, शेवटी एक अदृश्य चिन्ह असतं; त्यामुळे ‘ओळीच्या शेवटी अमुक’ अशी अट लागू पडत नाही.

दुहेरी नोंदींसाठी ‘खार्ड मर्ज’ आहे. ती दोन कार्डं शेजारी शेजारी उघडते, हवं ते एकीकडं आणायचं, सेव्ह केलं की दुसरं कार्ड पुसलं जातं. कंटाळवाणं काम आहे, पण हाताखालच्या माणसावर सोडू नका. कुठला नंबर जुना आणि कुठला भावाचा हे मालकालाच माहीत असतं.

रोजचा वापर

‘खार्ड लिस्ट तासगाव’ म्हटलं की जिथं कुठं तासगाव आहे ती सगळी माणसं. ‘खार्ड लिस्ट कॅटेगरीज:बेदाणा’ म्हटलं की त्या वर्गातली. ‘खार्ड फोन’ फक्त नंबर देते, आणि तिला ‘-पी’ जोडलं की नंबर, नाव, प्रकार असे टॅबनं वेगळे केलेले रकाने मिळतात. खरी गंमत इथं आहे. पहिला रकाना ‘कट’ कमांडने काढा, ‘टीआर’ कमांडने त्यातलं अधिक चिन्ह आणि स्पेस उडवा आणि पुढं ‘डब्ल्यूए डॉट मी’ व तिरपी रेघ जोडा. व्हॉट्सॲपवर थेट त्या माणसाशी बोलायची खिडकी उघडते, फोनमध्ये नंबर साठवायची गरज नाही. सौद्याच्या दिवशी आवक कळवायला हे बरं पडतं.

‘खार्ड पोस्टअ‍ॅड्रेस’ पत्ते देते. दिवाळीची पाकिटं छापताना पिनवरून जिल्हा लावू नका : सांगली ४१६४१६, मिरज ४१६४१०, पण सांगली जिल्ह्यातलंच विटं ४१५३११, म्हणजे सुरुवात साताऱ्यासारखी.

फोनशी जोडणी

इथं तीन तुकडे लागतात. दुकानातल्या संगणकावर ‘रॅडिकाले’ हा छोटा सर्व्हर, फोनवर ‘डाव्हएक्स-फाइव्ह’ हे ॲप (एफ-ड्रॉइड या ॲपच्या दुकानात फुकट, प्ले स्टोअरवर विकत) आणि खार्डच्या फोल्डराशी मेळ घालणारा ‘व्हीडरसिंकर’.

रॅडिकाले मुळात फक्त त्याच संगणकापुरता ऐकतो, पोर्ट ५२३२ वर. फोनला तो दिसावा म्हणून ‘होस्ट्स’ बदलावं लागतं आणि त्याच वेळी पासवर्डही चालू करावा लागतो. राउटरमध्ये त्या संगणकाचा आयपी पत्ता कायमचा बांधून घ्या. हा पोर्ट बाहेरच्या इंटरनेटला उघडू नका. फोन दुकानाच्या वायफायवर आला की मेळ होतो, पेढीला तेवढं पुरे.

डाव्हएक्समध्ये गट कसे साठवायचे याचा एक पर्याय असतो. ‘प्रत्येक संपर्काचे वर्ग’ हा निवडा. दुसरा निवडला तर गटांची स्वतंत्र कार्डं तयार होतात आणि खार्डच्या यादीत माणूस नसलेल्या नोंदी दिसायला लागतात. फोनच्या बॅटरी सेव्हरमधून हे ॲप वगळायला विसरू नका.

व्हीडरसिंकरला आधी ‘डिस्कव्हर’, मग ‘सिंक’. सेटिंग बदललं की पुन्हा ‘डिस्कव्हर’. सर्व्हरवरच्या यादीचं नाव बहुधा लांबलचक आकडे-अक्षरांचं असतं आणि तुमच्या फोल्डरात त्याच नावाचा पोटफोल्डर तयार होतो. खार्डच्या ‘पाथ’मध्ये तो आतला फोल्डर द्यायचा, बाहेरचा दिला की मेळ व्यवस्थित होऊनही यादी रिकामी दिसते. ‘सीस्प्लिट’ने तोडलेल्या कार्डांत ओळख क्रमांक नसेल तर मेळ अडतो, ‘व्हीडरसिंकर रिपेअर’ तो घालून देतो. एकच नोंद दोन्हीकडं बदलली गेली आणि कुणाचं खरं मानायचं ते सेटिंगमध्ये सांगितलेलं नसेल, तर तो ती नोंद तशीच सोडून तक्रार करतो. दुकानातली बाजू जिंकेल असं लिहून ठेवा. आणि एक बाजू अचानक पूर्ण रिकामी झाली तर तो मेळ घालायला नकार देतो. हा नकार तुमच्या भल्याचा आहे. ‘फोर्स-डिलीट’ मारून पुढं जाण्याआधी फोल्डर खरंच रिकामा आहे की डिस्क जोडायची राहिली, ते बघा.

रॅडिकाले नको, थेट गुगलशी जोडू म्हणाल तर तेही होतं, पण गुगल क्लाउडवर स्वतःचा प्रकल्प काढून चाव्या घ्याव्या लागतात. प्रकल्प ‘टेस्टिंग’ अवस्थेत ठेवला तर परवानगी सात दिवसांनी संपते आणि दर आठवड्याला मेळ बंद पडतो.

प्रती

फोल्डर गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये घाला आणि रोज संध्याकाळी एक कमिट, म्हणजे त्या दिवसाच्या बदलांची नोंद, होऊ द्या. कुणाचा नंबर कधी बदलला आणि आधीचा काय होता हे वर्षांनी सुद्धा काढता येतं. जुनी येणी वसूल करताना याचं मोल कळतं. फोल्डरच्या परवानग्या फक्त तुमच्यापुरत्या ठेवा आणि हा साठा कुठल्याही सार्वजनिक ठिकाणी चढवू नका. हे नंबर लोकांनी तुम्हाला दिलेत, जगाला नाही.

दुसरी प्रत दुकानाच्या बाहेर हवी आणि नदीपासून लांब हवी. २००५, २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी पेठांत शिरलं तेव्हा संगणकाशेजारच्या कपाटातला पेनड्राइव्हही संगणकाबरोबरच पाण्यात होता. विश्रामबागेच्या पुढं कुणाच्या घरी एक प्रत ठेवा. शिवाय जूनच्या सुरुवातीला ट्रान्सपोर्ट, कोल्ड स्टोरेज, हमाल आणि सरकारी या चार वर्गांची यादी कागदावर काढून ठेवा, पूर आला की वीज आणि टॉवर दोन्ही जातात. टर्मिनलमधून थेट प्रिंटरला पाठवलं तर मराठी बिघडू शकतं. आधी फाइलीत उतरवा, लिब्रेऑफिसमध्ये उघडा आणि तिथून छापा.

ज्यांची यादी शे-दीडशेची आहे, संगणक एकच आहे आणि फोनशी मेळ नकोच आहे, त्यांनी एवढा पसारा मांडू नये. त्यांच्यासाठी ‘एबुक’ हा जुना प्रोग्राम आहे. समोर यादी दिसते, ‘ए’ दाबून नवी नोंद, एंटर मारून दुरुस्ती, आणि सगळी यादी एकाच मजकूर फाइलीत. मात्र तो सुरू होताना फाइल एकदाच वाचतो. दोन खिडक्यांत उघडा ठेवून दोन्हीकडं बदल केले, तर शेवटी जी खिडकी सेव्ह होईल तिच्यातलंच राहतं, पहिलीतलं जातं.